घडी तीच, जागा निराळी

इंदूरला रामबागेत आमची आत्या आणि तिच्या थोरल्या जाऊबाई एकाच घरात राहतात. आत्या सकाळी पोहे खाऊन उठते आणि अर्ध्या तासात विचारते, ‘आज पोहे नाही केले?’ जाऊबाईंना मात्र वर्षभराचे सणवार तोंडपाठ, पण समोरची वाटी सापडत नाही. मोतीबिंदू काढून झाला, चष्मा दोनदा बदलला. डोळे ठणठणीत निघाले. शेवटी दोघींच्या कागदांवर शब्द एकच आला : अल्झायमर.

या आजारात अमिलॉइड बीटा आणि टाउ या दोन प्रथिनांची घडी चुकते, असं म्हणतात. खरं तर निरोगी मेंदूत या दोघांना पक्की घडीच नसते. ती बिनघडीचीच वावरतात. अमिलॉइड बीटा म्हणजे एका मोठ्या प्रथिनातून कापला गेलेला, बहुधा 40 किंवा 42 अमिनो आम्लांचा तुकडा. असे तुकडे एकदा चपटे होऊन एकमेकांवर बसले, की पुढचा तुकडा त्याच आकारात येऊन चिकटतो. ट्रंकेतल्या महेश्वरीला चुकीची मोड पडली, की पुढच्या वेळी ती आपोआप तिथेच दुमडते, तसं. फक्त साडीची मोड शेजारच्या साडीला लागत नाही, इथे लागते!

मोडीही एकसारख्या नसतात. 2017 मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी मृत रुग्णाच्या मेंदूतले टाउचे धागे अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पुढच्याच वर्षी दिसलं, की पिक या दुसऱ्या स्मृतिभ्रंशात तोच टाउ निराळा दुमडतो. 2022 मध्ये अमिलॉइडच्याही दोन घड्या सापडल्या : एक मुख्यतः म्हातारपणी होणाऱ्या, आनुवंशिक नसलेल्या अल्झायमरमध्ये, दुसरी मुख्यतः घराण्यात चालत आलेल्या.

मग आत्या आणि जाऊबाईंच्या घड्या वेगळ्या असतील? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण अल्झायमरच्या वेगवेगळ्या रुग्णांत टाउची घडी एकच आढळली आहे. फरक पडतो तो टाउ साचतो कुठे यामुळे. कानशिलाच्या आत, आठवणी घडतात तिथे साचला तर आत्यासारखं होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला, दिसलेल्याचा अर्थ लागतो तिथे साचला तर जाऊबाईंसारखं. अमिलॉइड मात्र दोन्हीकडे बराचसा सारखाच पसरलेला असतो.

जाऊबाईंच्या पांढऱ्या वाटीखाली आता आम्ही गडद निळं कापड घालतो. आत्याला त्याचा उपयोग नाही. तिच्यासाठी पोह्यांची रिकामी बशी दुपारपर्यंत टेबलावरून उचलत नाही.