गार केबिन, गार्डनर इंजिन आणि दोराची गाठ: 1970 च्या दशकातल्या ब्रिटिश लॉऱ्यांची पार्श्वभूमी

1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये लॉरी चालवलेल्या माणसांच्या आठवणींत त्याच त्या गोष्टी फिरून फिरून येतात. गुडघ्यांवर जुनं कांबळं टाकून काढलेल्या हिवाळी रात्री. दोन सीटच्या मधोमध बसलेलं इंजिन आणि त्याच्या झाकणावर वाळत घातलेले हातमोजे. चढावर चुकलेला एक गिअर, आणि मग तळापासून पुन्हा सुरुवात. ओल्या ताडपत्रीचं वजन. ऐकणाऱ्याला वाटतं, त्या काळच्या कारखान्यांना चालकाची फिकीरच नव्हती. ते काही अंशी खरंही आहे. पण गाड्या तशा का बनल्या याचं उत्तर कारखान्यापेक्षा कायद्याच्या आणि कराच्या पुस्तकांत जास्त सापडतं.

सुरुवात 1930 पासून करावी लागते. त्या वर्षीच्या रस्ता वाहतूक कायद्यानं लॉरीचा वेग तिच्या रिकाम्या वजनाशी बांधला. अडीच टनांच्या आतली गाडी ताशी 30 मैल जाऊ शकत होती, त्यावरची 20 मैलच. जड लॉऱ्यांची ही 20 मैलांची मर्यादा थेट 1957 पर्यंत टिकली. वार्षिक रस्ताकरही रिकाम्या वजनावरच ठरे आणि ही पद्धत 1982 पर्यंत चालली. म्हणजे दोन पिढ्या ब्रिटिश डिझायनर एकाच गणितात वाढले: गाडी स्वतः जितकी हलकी, तितका कर कमी आणि माल जास्त. एकूण वजनाची कमाल मर्यादा 32 टन. त्यामुळे केबिनमधून वाचवलेले शंभर किलो मालकाला प्रत्येक फेरीत भाडं मिळवून देत होते.

प्रेस्टनजवळ बनणाऱ्या ॲटकिन्सन लॉरीची केबिन या गणिताचं सगळ्यात स्पष्ट रूप आहे. आत ॲश लाकडाचा सांगाडा, वर फायबरग्लासचे पत्रे. गंज नाही, वजन कमी, आणि साचे स्वस्त असल्यानं थोड्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यालाही परवडणारं काम. पण लाकूड आणि फायबर रस्त्याच्या हादऱ्यांनी वेगवेगळे हलतात. वर्षा-दोन वर्षांत दाराच्या कडा सुटतात, पेडलभोवतीच्या रबरी आवरणांना चिरा जातात आणि वारा थेट पायावर येतो. हीटर तर 60 च्या दशकात कित्येक गाड्यांना जादा पैसे मोजून बसवून घ्यावा लागे. झोपायला जागा नव्हतीच. चालकानं रात्री लॉजवर मुक्काम करायचा असा हिशेब असे. लॉज मिळालं नाही, तर इंजिनच्या झाकणावरून एक फळी आडवी टाकून त्यावर पाठ टेकायची.

हीटर असूनही केबिन गार राहण्याचं आणखी एक कारण होतं, ते म्हणजे गार्डनर इंजिन. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टमध्ये बनणाऱ्या या इंजिनाबद्दल जुने चालक अजूनही आदरानं बोलतात, आणि तो आदर योग्यच आहे. सगळ्यात जास्त आठवलं जातं ते 6एलएक्सबी. सहा सिलिंडर, बोअर पावणेपाच इंच, स्ट्रोक सहा इंच, 10.45 लिटर, टर्बो नाही, मिनिटाला 1,850 फेऱ्यांना 180 अश्वशक्ती. गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, त्याच्या वर जाऊच देत नाही. डिझेलमधली उष्णता हे इंजिन इतकी नीट वापरतं की पाण्यात फारच थोडी उतरते. मालकाला गॅलनला आठेक मैल मिळत, आणि चालकाच्या हीटरमधून कोमट वारा. म्हणून हिवाळ्यात रेडिएटरच्या पुढच्या अर्ध्या भागाला कापड किंवा पुठ्ठा बांधायची सर्रास पद्धत होती.

या इंजिनाची खरी किंमत दुरुस्तीला उघडल्यावर कळते. तीन-तीन सिलिंडरचे दोन वेगळे ब्लॉक आणि दोन वेगळी हेडं. एका बाजूचा व्हॉल्व गेला तर तेवढंच अर्धं हेड उतरवायचं, दुसऱ्याला हात लावायची गरज नाही. डिझेल संपून पंपानं हवा धरली तर आधी फिल्टरची हवा काढायची आणि मग पंपावरच्या प्रत्येक सिलिंडरच्या स्वतंत्र हातलिव्हरनं एकेक लाइन भरत जायची. लिव्हर दाबताना नोझलमध्ये करकर असा आवाज आला, की ती लाइन भरली. पुढच्या बाजूची तिपदरी टायमिंग चेन मात्र लक्षात ठेवून ताणावी लागे. चेन लांबली की इंजेक्शन उशिरा पडतं, धूर वाढतो, आणि ज्या काटकसरीसाठी हे इंजिन घेतलं तीच हातची जाते.

गार्डनरची अडचण ताकदीची होती. 1973 पासून नव्या गाड्यांना टनामागे किमान 6 अश्वशक्ती सक्तीची झाली. 32 टनांना 192 लागतात. 180 चं इंजिन 30 टनांवरच अडकलं. उपाय म्हणून आठ सिलिंडरचं 240 अश्वशक्तीचं 8एलएक्सबी होतं, पण ते लांब, महाग, आणि त्याच्यासाठी मालकांना रांगेत थांबावं लागे. ही रांग समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. सँडबॅचची ईआरएफ आणि फोडन, प्रेस्टनची ॲटकिन्सन यांतल्या बहुतेक गाड्या इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल बाहेरून आणून जोडलेल्या असत. ग्राहक इंजिनाचं नाव घेऊन गाडी मागे. गार्डनर नाही मिळालं तर स्कॉटलंडमधल्या शॉट्सच्या कारखान्यातलं कमिन्स, नाही तर श्रूजबरीचं रोल्स-रॉइस ईगल. त्यातच 1974 च्या जानेवारी ते मार्चमध्ये वीजटंचाईमुळे कारखान्यांवर तीन दिवसांचा आठवडा आला.

इंजिन बदललं की गिअरबॉक्स बदले, आणि चालकाच्या हाताची सवयही. गार्डनरमागे बहुधा डेव्हिड ब्राउनचा सहा गिअरचा बॉक्स असे. त्यात सिंक्रो (गिअरचे वेग आपोआप जुळवणारा भाग) नाही, म्हणजे प्रत्येक गिअरला डबल क्लच, एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबणं. आपल्याकडच्या जुन्या चालकांना हे नव्यानं सांगायला नको. पण गार्डनरचं फ्लायव्हील जड असल्यानं रेस सोडल्यावर फेऱ्या सावकाश उतरतात. सपाटीवर तेवढं थांबता येतं, चढावर तेवढ्यात गाडीच थांबते. म्हणून क्लच स्टॉप असे: पेडल अगदी तळापर्यंत दाबलं की एक छोटा ब्रेक गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला पकडतो, शाफ्ट लवकर मंदावतो आणि वरचा गिअर पडतो. खालचा गिअर टाकताना मात्र पेडल अर्धंच दाबायचं, कारण तेव्हा शाफ्टचा वेग वाढवायचा असतो. नवखे नेमके इथं चुकत आणि गिअर दातावर दात घासत ओरडे. कंब्रियातल्या शॅप घाटावर, मोटरवे होण्याआधीच्या ए6 रस्त्यावर, हे चुकणं फार महाग पडे. तिथला मोटरवे 1970 मध्ये खुला झाला.

कमिन्समागे अमेरिकन पद्धतीचा फुलर बॉक्स येई. त्यात क्रॉलर (अगदी संथ चालीचा गिअर), खालचे चार गिअर, आणि हवेच्या बटणानं रेंज, म्हणजे गिअरचा खालचा-वरचा संच, बदलून पुन्हा तेच चार. बटण आधी वर करून ठेवायचं. लिव्हर न्यूट्रलमधून जाताना हवा रेंज बदलते. जास्त वेगात खालची रेंज निवडली, तर रेंजचा एकुलता एक सिंक्रो जळतो. हवेचा दाब कमी असला तर रेंज अर्ध्यात लटकते: रेस वाढते, गाडी ओढत नाही. थंडीत ही अडचण जास्त येई, कारण टाकीत साठलेलं पाणी पाइपात गोठे. रोज संध्याकाळी एअर टँकचे ड्रेन उघडून पाणी काढलं नाही, तर सकाळी ब्रेक सुटत नसत. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण फिल्टरवर साचून गाडी वाटेत उभी राही. डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळणं हा नेहमीचा तोडगा होता. टाकीखाली चिंध्या पेटवणारेही होते. त्याचा धोका वेगळा सांगायला नको.

चालकाचं निम्मं कसब गाडीच्या मागे लागे, असं म्हटलं तरी चालेल. बहुतेक माल उघड्या सपाट ट्रेलरवर जाई. बांधण्याचा क्रम ठरलेला होता. आधी मागची ताडपत्री टाकायची, मग पुढची, आणि पुढचीची कड मागचीवर यायला हवी. उलट झालं तर चालत्या गाडीत वारा कडेखाली शिरतो आणि ताडपत्री फुग्यासारखी फुगून फाटते. कोपरे पाकिटासारखे घडी घालून आत दाबायचे. मग दोर मालावरून पलीकडे टाकायचा आणि बाजूच्या हुकात घ्यायचा. ताणण्यासाठी जी गाठ वापरत तिचं नाव डॉली. छातीच्या उंचीवर दोराचा फास करून त्याला दोन पीळ द्यायचे, त्यातून खालच्या दोराचा दुपदरी वेढा ओढायचा, तो वेढा हुकाखाली अडकवायचा आणि मोकळं टोक सगळ्या अंगानं खाली खेचायचं. फास कप्पीचं काम करतो, म्हणून एकट्या माणसाचा जोर दुप्पट-तिप्पट होतो. ताण सोडला की गाठ आपोआप उलगडते, ओल्या दोरातसुद्धा. पंचवीस-तीस मैलांवर थांबून सगळे दोर पुन्हा ताणायचे, कारण तोवर माल बसलेला असतो आणि दोर सैल पडलेला. 1969 मध्ये काँगल्टनच्या बोॲलॉय कंपनीनं बाजूनं पडद्यासारखा सरकणारा टॉटलायनर आणला आणि पुढच्या पंधरा वर्षांत हे सगळं कसब हळूहळू अनावश्यक झालं.

लेलँड या मोठ्या लॉरी कंपनीची गोष्ट वेगळी आणि जास्त दुःखाची आहे. अल्बियन, स्कॅमेल, एईसी हे लॉरी बनवणारे कारखाने एकेक करून लेलँडमध्ये आले. 1968 मध्ये मोटारगाड्यांसह सगळ्यांची मिळून ब्रिटिश लेलँड झाली आणि लॉऱ्यांतून येणारा पैसा मोटारींचे खड्डे भरण्यात जाऊ लागला. त्याच सुमारास आलेलं 8.2 लिटरचं 500 मालिकेचं इंजिन हा धाडसी विचार होता. हेड आणि ब्लॉक एकाच ओतीव तुकड्यात, म्हणजे हेड गॅस्केटच नाही, म्हणजे ते उडण्याचा प्रश्नच नाही. पण हेड उतरतच नसेल तर व्हॉल्वपर्यंत पोचणार कसं? इंजिन खाली घ्या, क्रँक काढा, पिस्टन काढा आणि खालून हात घाला. गार्डनरमध्ये जे अर्धं हेड उतरवून होई त्यासाठी इथं अख्खं इंजिन मोकळं करावं लागे. एईसीच्या साउथॉल कारखान्यातलं व्ही8 तर आधीच ठरलेल्या एर्गोमॅटिक केबिनखाली कोंबलं गेलं आणि पुरेशा थंडाव्याअभावी तापत राहिलं. ती केबिन इटालियन डिझायनर मिशेलॉटीनं रेखाटलेली, पुढे कलणारी आणि दिसायला आजही देखणी. साउथॉलचा कारखाना 1979 मध्ये बंद झाला.

ही जागा स्वीडननं भरली. व्होल्वो एफ86 ब्रिटनमध्ये 1967 पासून मिळू लागली. स्वीडनच्या कायद्यानुसार ठोकून तपासलेली पोलादी केबिन, चांगला हीटर, सिंक्रो असलेला आठ गिअरचा बॉक्स आणि फक्त 6.7 लिटरचं टर्बो इंजिन. गाडी तरीही हलकीच. म्हणजे वजनासाठी चालकाला गारठवण्याची गरज नव्हती, हे या एका गाडीनं दाखवून दिलं. शिवाय ती लवकर हातात येई, गार्डनरसारखी वाट पाहावी लागत नसे. पुढे एफ88 आणि स्कॅनिया 110 मागे बिछाना घेऊन आल्या. 1964 मध्ये गाय या ब्रिटिश कंपनीच्या एका वॉरियर लॉरीनं ब्रिटनहून काबूलपर्यंत माल नेऊन ॲस्ट्रन या वाहतूक कंपनीची वाट पाडली होती. 1973 च्या तेल भाववाढीनंतर इराण आणि आखाताकडे माल इतका वाढला की बंदरं तुंबली आणि इस्तंबूल, तुर्कस्तानातला ताहिर घाट, इराणची बझरगान सरहद्द या रस्त्यानं लॉऱ्यांची रीघ लागली. त्या हजारो मैलांत फळीवर झोपणं आणि बिछान्यावर झोपणं यातला फरक मालकांनाही कळला. ब्रिटिश कारखान्यांचं उत्तर आलं, पण उशिरा: 1973 ची लेलँड मॅरेथॉन, 1974 ची पोलादी सांगाड्याची ईआरएफ बी मालिका, 1975 ची सेडन ॲटकिन्सन 400.

यातले काही धागे आपल्याकडेही पोचले होते. मद्रासच्या एन्नोर कारखान्यातून लेलँडची कॉमेट लॉरी येऊ लागली आणि 1955 मध्ये कंपनीचं नाव अशोक लेलँड झालं. आपल्या रस्त्यांवरच्या कित्येक गाड्याही केबिनशिवाय, नुसती चॅसी म्हणून विकल्या जात आणि लाकडी केबिन स्थानिक सुतार बांधत. शॉट्समध्ये बनणाऱ्या कमिन्सच्या एन मालिकेचीच भावंडं 1962 मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये, कोथरूडला, तयार होत.

आज ज्या ॲटकिन्सन आणि ईआरएफ ब्रिटनमध्ये जपून ठेवलेल्या दिसतात, त्यांतली इंजिनं सहसा त्रास देत नाहीत. चाळीस-पन्नास वर्षं जुनं गार्डनरही सुरू होतं. त्रास केबिनचा असतो. फायबरचा पत्रा बाहेरून चकचकीत असतो, पण विंडस्क्रीनच्या रबराखाली आणि दाराच्या खांबांच्या तळाशी पाणी मुरून आतलं ॲश लाकूड कुजलेलं असतं. म्हणून अशी गाडी घेताना जाणकार आधी दार उघडून बिजागऱ्यांपाशी खालून उचलून पाहतात. दार खांबासकट हललं, तर खांब बदलायची तयारी ठेवूनच पुढचं बोलणं करतात.