ओम्बुड्समन

ओम्बुड्समन : मूळ स्वीडिश नाम, अर्थ ‘दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, मुखत्यार’. स्वीडिश उच्चार ‘ओम्बूद्समन’च्या जवळचा आहे, आपल्याकडचा ‘ड’ इंग्रजीमार्गे आला. सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला हा शब्द आज जगभर लावतात, पण मूळ शब्दात ना तक्रार आहे, ना तपास. स्वीडनमध्ये नुसते ‘ओम्बूद’ म्हणजे कोणताही प्रतिनिधी. टपालाची पार्सले देणारे दुकानसुद्धा.

शब्दाचे घटक तीन : ‘ओम’ (भोवती, विषयी), ‘बूद’ (निरोप, आज्ञा) आणि ‘मन’ (माणूस); मधला ‘स’ षष्ठीचा. ‘ओम’चा ओंकाराशी संबंध नाही. त्याचे सोयरे जर्मन ‘उम’, ग्रीक ‘आम्फी’ आणि संस्कृत ‘अभितः’. ‘मन’चे नाते मनूशी.

खरी गंमत ‘बूद’मध्ये आहे. बायबलमधल्या दहा आज्ञा स्वीडिशमध्ये ‘बूद’च, ‘फोरबूद’ म्हणजे मनाई. जर्मन ‘बोटं’ (निरोप्या), इंग्रजी ‘फॉरबिड’ आणि गॉथिक (एक लुप्त जर्मॅनिक भाषा) ‘बिउदन’ याच कुळातले. मूळ इंडो-युरोपीय धातूचा अर्थ ‘जागे असणे, जाणणे’. त्यातूनच संस्कृत बुध्, बोध, बुद्ध. जर्मॅनिक शाखेत (जर्मन, इंग्रजी, स्वीडिश इत्यादी) मात्र ‘जाणवून देणे’वरून अर्थ ‘आज्ञा करणे’कडे सरकला. ‘बुध्’ आणि ‘बिउदन’ या जोडीने अभ्यासकांना बराच काळ चकवले, कारण ग्रिमच्या नियमाप्रमाणे (मूळ व्यंजने जर्मॅनिक भाषांत ठरावीक रीतीने बदलतात, हा नियम) संस्कृत ‘ब’समोर जर्मॅनिक ‘प’ हवा होता. 1863 मध्ये हेरमान ग्रासमान या जर्मन अभ्यासकांनी उलगडा केला : मूळ धातूत भ आणि ध असे दोन महाप्राण (हकार मिसळलेली व्यंजने) होते; जर्मॅनिकमध्ये भ चा नियमानेच ब झाला, संस्कृतात पहिल्याचा प्राण गळला. ‘भोत्स्यते’ या भविष्यकाळी रूपात ध अल्पप्राण होतो, तेव्हा हरवलेला भ परत दिसतो.

रशियाकडून पोल्टाव्हाच्या लढाईत झालेल्या पराभवानंतर ऑटोमन (तुर्की) मुलखात अडकलेला स्वीडनचा राजा बारावा कार्ल याने 1713 मध्ये ‘सर्वोच्च ओम्बुड्समन’ हे पद निर्मिले. तो राजाचा माणूस होता, लोकांचा नव्हे. 1809 च्या राज्यघटनेने संसदेला स्वतःचा ओम्बुड्समन दिला; 1810 मध्ये लार्स ऑगस्टिन मानरहाइम हे पहिले ठरले. डेन्मार्क (1955) आणि न्यूझीलंड (1962) यांच्यामार्फत संस्था व शब्द दोन्ही जगभर गेले.

भारतात 1963 मध्ये खासदार एल. एम. सिंघवी यांनी ‘लोकपाल’ हा प्रतिशब्द सुचवला. राज्यांतला तसाच अधिकारी ‘लोकायुक्त’; महाराष्ट्राचा पहिला लोकायुक्त कायदा 1971 चा. व्युत्पत्तीच्या काट्यावर तोलले तर ‘लोकायुक्त’ मुळाच्या अधिक जवळ : आयुक्त म्हणजे नेमलेला, पाल म्हणजे राखणारा.