पाणी आधी आले, गटार मागाहून

मुंबईसाठी नवे धरण किंवा नवी जलवाहिनी मंजूर झाली की सगळे एकच विचारतात, पाणी किती वाढणार? वापरून झालेले पाणी जाणार कुठून, हे फारसे कोणी विचारत नाही. ही सवय थेट १८६० सालापासूनची आहे.

त्याआधी हे शहर विहिरी आणि तलावांवर भागवत होते. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही त्यांतलीच नावे. नावे राहिली, तलाव बुजले. उन्हाळ्यात पाण्याने तळ गाठला की हाल सुरू होत. १८४५ मध्ये लोकांनी ओरड केल्यावर सरकारने समिती नेमली. १८५६ मध्ये पावसाने अशी ओढ दिली की, निदान माणसांपुरते पाणी उरावे म्हणून शहरातली गुरे माहीमकडे हलवावी लागली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेला त्यानंतर वेग आला. मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालायचा आणि बिडाच्या नळांतून पाणी शहरात आणायचे, अशी ती योजना. १८६० साली या बांधाने तयार झालेल्या विहार तलावाचे पाणी आले, दिवसाला सुमारे ३.२ कोटी लिटर.

खरी अडचण इथून पुढे सुरू झाली. घागरींवर भागवणाऱ्या घरात नळ आला की मोरीतून बाहेर पडणारे पाणीही कैक पटींनी वाढते. शहराचा मधला भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल. समुद्र चढला की गटारे तुंबत. मैला तर हलालखोर या सफाई करणाऱ्या जातीची माणसे डोक्यावरून वाहून नेत. १८८८ च्या महापालिका कायद्यात त्या कामासाठी ‘हलालखोर कर’ या नावाचा करच होता. कराचे नाव कामावरून पडते, इथे ते माणसांच्या जातीवरून पडले. जमिनीखाली विटांच्या मलवाहिन्या बांधल्या गेल्या, वरळीला लव्हग्रोव्हचे पंपिंग स्टेशन उभे राहिले, पण हे सारे तुकड्या-तुकड्याने. पाण्याचे काम मात्र थांबले नाही. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा.

१८९६ साली मांडवीत प्लेग निघाला, तेव्हा सरकारी यंत्रणेने पहिला संशय गटारांवर घेतला आणि त्यांत समुद्राचे पाणी व कार्बोलिक ॲसिड ओतले. रोग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे नंतर सिद्ध झाले. पण दाट वस्ती, ओल आणि तुंबलेली गटारे यांकडे शहराचे लक्ष गेले ते त्या भीतीपोटी.

स्वातंत्र्यानंतरही क्रम तोच. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडक सागर झाला. महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक यांचे नाव त्याला आहे. पुढे अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज सात तलावांतून दिवसाला ३८५ कोटी लिटरच्या आसपास पाणी येते.

एवढे पाणी येऊनही ते चोवीस तास मिळत नाही, आणि देखभालीचा सगळा प्रश्न इथे आहे. ठरल्या वेळी पालिकेचा चावीवाला येतो, रस्त्यातले लोखंडी झाकण उचलतो, लांब दांड्याची चावी खाली सोडतो आणि मोजून आटे फिरवतो. आमच्या चाळीत नळ आधी फुसफुसतो, मग तांबूस गुळणी टाकतो, मग धार लागते. पहिली बादली पिण्यासाठी भरायची नाही, ती मोरीची, हा आजीच्या वेळचा नियम. त्यामागे कारण आहे. पुरवठा बंद झाला की नळातला दाब उतरतो, आणि शेजारून जाणाऱ्या गटाराचे पाणी एखाद्या चिरेतून आत शिरते. पाण्याचा नळ आणि गटाराचा नळ एकाच चरात, एकमेकांना खेटून टाकले असतील तर धोका आणखी वाढतो.

मोठ्या वाहिन्यांचा भार आता खोल बोगद्यांवर टाकला जातो. तेही अभेद्य नाहीत. ठाण्याहून भांडुपला येणाऱ्या सुमारे १५ किलोमीटरच्या बोगद्याला एका बोअरवेलने इजा केली. २०२३ च्या मार्चअखेरीस दुरुस्तीसाठी तो बंद ठेवावा लागला, तेव्हा शहरात १५ टक्के पाणीकपात झाली.

सांडपाण्याच्या बाजूला वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड इथे दिवसाला २४६.४ कोटी लिटर क्षमतेची सात मोठी केंद्रे उभारायला घेतली गेली. विहारच्या पहिल्या धारेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. दरम्यान ज्या मिठीवर ते पहिले धरण बांधले, ती पवईच्या पुढे नाले पोटात घेत माहीमच्या खाडीला मिळते.

या दिरंगाईचे ओझे ज्यांनी वाहिले ते गटारात उतरणारे कामगार. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडचा आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वरून पाहणाऱ्याला वाटते हवा मोकळी झाली, पण तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास बंदी घातली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला १० लाखांची भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. तरीही सक्शनची गाडी शिरत नाही अशा गल्लीत अजून झाकण उघडून, कमरेला दोर बांधून माणूसच खाली सोडला जातो.