काडीमोड
काडीमोड : न्यायालयात न जाता, पंच किंवा दोन्हीकडच्या नातलगांसमक्ष, रूढीने विवाह संपवणे. सोडचिठ्ठी व फारकत हे शब्दही याच अर्थी रूढ आहेत.

गवताची काडी मोडून संबंध तुटल्याचे दाखवायचे, या चालीवरून हे नाव आले असे सामान्यतः मानतात. ‘काडी मोडून देणे’ हा निव्वळ वाक्प्रचार असण्याचीही शक्यता आहे. तथापि संथाळ या आदिवासी जमातीत याच कामी साल वृक्षाचे पान फाडतात, हे पाहता मुळात प्रत्यक्ष विधी असावा. ‘फारकत’ची व्युत्पत्ती दोन प्रकारे लावता येते : ‘फुर्कत’ (वियोग) किंवा ‘फारिगखती’ (मोकळीक दिल्याचा कागद). जुन्या व्यवहारात कर्ज फिटल्याच्या कागदालाही फारखत म्हणत. त्यामुळे दुसरी व्युत्पत्ती अधिक सयुक्तिक वाटते.

शास्त्राचा आधार तोकडा आहे. परस्परद्वेष असल्यास कौटिल्य ‘मोक्ष’ (विवाहातून मोकळीक) देतो, पण धर्मविवाहांना (ब्राह्म, दैव, आर्ष व प्राजापत्य या चार प्रकारांना) तो नाकारतो. पाट किंवा मोहतूर (विधवेचा वा सोडलेल्या स्त्रीचा पुनर्विवाह) चालणाऱ्या जातींत मात्र काडीमोड रूढीच्या बळावर टिकली.

इंग्रजी अमदानीत तिला कात्री लागली. नवऱ्याची संमती नसताना विवाह मोडून स्त्रीला पाट लावू देण्याचा जातीचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने 1876 मध्ये अमान्य केला. ठरलेली रक्कम भरून एकाने दुसऱ्याच्या मर्जीविरुद्ध मोकळे होण्याची रूढी 1915 मध्ये नीतिबाह्य ठरली. उरली ती मुख्यतः उभयपक्षी राजीखुशीची काडीमोड. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी, 1919 च्या सुमारास, या विषयावर कायदा झाला. बडोद्यात 1931 मध्ये आणि मुंबई प्रांतात 1947 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे झाले.

हिंदू विवाह अधिनियम, 1955 ने कलम 29(2) अन्वये रूढीने मिळालेला घटस्फोटाचा हक्क राखून ठेवला. आजचे बहुतेक वाद येथूनच निघतात. स्टँपपेपरवर ‘यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिलेला नाही’ अशा आशयाचा मजकूर, खाली दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का : एवढ्यावर विवाह संपतो, हा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. नोटरीचा शिक्का रूढी निर्माण करत नाही. त्या जातीत अशी रूढी आहे, हे दाव्यात स्पष्ट मांडून पुराव्याने शाबीत करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितले. रूढी शाबीत न झाल्यास पहिला विवाह कायम राहतो. दुसरा रद्दबातल ठरतो आणि द्विविवाहाचा गुन्हाही लागू शकतो. भांडण पुष्कळदा वर्षांनी, पोटगी किंवा निवृत्तिवेतनाच्या वेळी उपटते. तोवर पंचांपैकी कोणी हयात असेलच असे नाही.

वैवाहिक दर्जा ठरवून मागण्याचा दावा, जेथे कुटुंब न्यायालय आहे तेथे, कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 7 नुसार त्याच्याकडे जातो. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे ही न्यायालये 1989 पासून आहेत. रूढीचा पुरावा कच्चा असेल आणि दोघे राजी असतील, तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 13-ब खाली संमतीचा, बोलीभाषेत ‘म्युच्युअल’चा, अर्ज नव्याने करणे हा सुरक्षित मार्ग होय. त्यासाठी किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतर थांबण्याची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निर्णय आहे.

काडीमोडीच्या निमित्ताने जातपंचायतीने कुटुंबाला वाळीत टाकल्यास महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम लागू होतो.