कुत्र्याच्या मेंदूतील वाहते रक्त

म्हातारा कुत्रा एका सकाळी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरू लागला, की अनेक घरांत मीठ-मोहऱ्या ओवाळून त्याची दृष्ट काढली जाते आणि उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. मेंदूतील धमनी तुंबून होणारा अर्धांगवायू केवळ माणसालाच होतो, हा समज चुकीचा आहे. ग्रेहाउंड आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातींत तर लहान मेंदूच्या (सेरेबेलमच्या) धमन्या तुंबण्याचे प्रमाण अधिक आढळते. मात्र आतल्या कानाच्या बिघाडातही हीच लक्षणे दिसत असल्याने एमआरआयची (चुंबक आणि रेडिओलहरींनी शरीराच्या आतले चित्र घेणाऱ्या तपासणीची) गरज पडते.

डाय (चित्रात रक्त उठून दिसावे म्हणून द्यायचे द्रव्य) टोचल्याशिवाय रक्तवाहिन्या दिसूच शकत नाहीत, असे बहुतेकांना वाटते. परंतु एमआरआयच्या ‘टाइम ऑफ फ्लाइट’ पद्धतीत रक्ताचे वाहणेच डायचे काम करते. 1.5 टेस्ला (चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) इतक्या ताकदीच्या चुंबकात हायड्रोजनचे प्रोटॉन सुमारे 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात आणि या लहरींच्या प्रत्येक स्पंदनानंतर त्यांना पूर्ववत होण्यास सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. यंत्र मात्र दर 20 ते 40 मिलिसेकंदांनी नवे स्पंदन सोडते. त्यामुळे जागेवर असलेल्या मेंदूच्या ऊतीतील प्रोटॉनांना सावरायला उसंतच मिळत नाही, त्यांचा संकेत क्षीण होतो आणि ती ऊती काळपट दिसते. त्याच वेळी मानेकडून त्या छेदात, म्हणजे चित्र घेतल्या जाणाऱ्या पातळ थरात, नुकतेच शिरलेले रक्त या माऱ्यातून गेलेले नसल्याने लख्ख उजळते. म्हणजे चित्रात दिसते ती धमनीची भिंत नव्हे, तर रक्ताचा ताजेपणा.

कुत्र्याच्या बाबतीत हे काम नाजूक आहे. पूर्ण भूल दिलेल्या प्राण्याचे डोके पुष्कळदा माणसाच्या गुडघ्यासाठी बनवलेल्या कॉइलमध्ये (संकेत टिपणाऱ्या तारांच्या वेटोळ्यात) ठेवले जाते. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी 1664 मध्ये वर्णन केलेले मेंदूच्या तळाचे धमनीवर्तुळ कुत्र्यातही असते, पण त्यातील वाहिन्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या असतात. शिवाय आयसोफ्लुरेनसारख्या भुलीच्या वायूने आणि रक्तात वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडने त्या रुंदावतात, त्यामुळे श्वासाचे नियंत्रण करणाऱ्या भूलतज्ज्ञाचा हातही चित्रावर उमटतो. रक्त मंद वाहत असेल, किंवा धमनी छेदाला समांतर धावत असेल, तर तेही स्पंदनांच्या माऱ्यात सापडून काळवंडते; म्हणून एखादी धमनी मध्येच तुटलेली दिसली तरी ती तुंबलीच असे ठरवता येत नाही, छेदाची दिशा बदलून किंवा गॅडोलिनियम हे डाय देऊन तीच जागा पुन्हा पाहावी लागते.