रंग न धरणारं प्लॅस्टिक

गाडीच्या दारांच्या आतल्या बाजूला, गिअरच्या आजूबाजूला, डॅशबोर्डवर जी बारीक दाणेदार नक्षी असते, ती घासून काढून तिथे काळा चकचकीत रंग हवा असणाऱ्यांची मुंबईत कमी नाही. वरच्या व्हेरियंटला ‘पियानो ब्लॅक’ पट्ट्या आणि आपल्या वाट्याला करडं, खरबरीत प्लॅस्टिक, एवढंच दुखणं असतं. मग एखादा रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये पॉलिश पेपर आणि स्प्रेचा डबा घेऊन जातो. संध्याकाळी पॅनेल झकास दिसतं. एक उन्हाळा गेला की कडेने रंगाचे पापुद्रे निघायला लागतात आणि शिव्या रंगाला पडतात. रंग बहुतेक वेळा निर्दोष असतो. घोळ त्याच्या खालच्या प्लॅस्टिकमध्ये आहे, आणि थोडा त्या नक्षीमध्येही.

ती नक्षी कंपनीने मुद्दाम, पैसे खर्चून घेतलेली असते. पॅनेल ज्या स्टीलच्या साच्यात घडतं, त्या साच्याच्या आतल्या पृष्ठभागावर ती रसायनांनी कोरतात. खोली साधारण 50 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा ते सातवा भाग. डॅशबोर्डच्या वरच्या भागावर तिचं पहिलं काम म्हणजे ऊन विखुरणं. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो, समोरच्या काचेवर आदळतो आणि ड्रायव्हरला रस्त्याऐवजी डॅशबोर्डचं प्रतिबिंब दिसायला लागतं. दुपारी तीन-चारला पश्चिमेकडे तोंड करून गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दुसरं काम, ओरखडे लपवणं.

तिसरं काम मात्र फारसं कोणाच्या लक्षात येत नाही आणि घासणाऱ्याला नेमकं तेच नडतं. साच्यात दोनशे-सव्वादोनशे अंशांवर वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लॅस्टिक शिरतं आणि थंड होताना लांबीला एक ते अडीच टक्के आकसतं. पॅनेलच्या मागे मजबुतीसाठी उभ्या-आडव्या फासळ्या असतात, स्क्रूचे खांब असतात. तिथे प्लॅस्टिक जाड असल्यामुळे ते उशिरा थंड होतं, जास्त आकसतं आणि पुढच्या बाजूची कातडी किंचित आत ओढली जाते. हे खळगे इतके उथळ असतात की नक्षी असेपर्यंत ते कोणालाही दिसत नाहीत. नक्षी घासून चकचकीत काळा रंग दिला, की मागच्या फासळ्यांचा नकाशाच पुढे उमटतो. जाणता पेंटर म्हणूनच पॅनेल हातात धरून ट्यूबलाइटखाली तिरकं करतो. त्याचं लक्ष रंगाकडे नसतं, ट्यूबच्या प्रतिबिंबाकडे असतं. ती पांढरी रेघ सरळ राहिली तर ठीक. मध्येच लचकली, तर तिथे खळगा आहे.

आता प्लॅस्टिकची जात. पॅनेल काढून उलटं केलं की मागे कुठेतरी दोन बाणांच्या मध्ये अक्षरं उमटवलेली सापडतात: >ABS<, >PC+ABS<, >PP+EPDM-T20< अशी. शेवटच्यातलं पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर, टी म्हणजे टाल्क, शंखजिऱ्याची पूड, आणि 20 म्हणजे ती वीस टक्के. धारावीच्या तेरा कंपाऊंडमध्ये प्लॅस्टिकचं भंगार निवडणारी माणसं निव्वळ हाताच्या सवयीने जाती वेगळ्या करतात. आपल्याला तेवढा सराव नाही, म्हणून अक्षरं बघावीत. पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं आणि एबीएस बुडतं, ही चाचणी खरी आहे, पण गाडीच्या बाबतीत ती फसवते: वीस टक्के टाल्क घातलं की पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याच्या वर जाते आणि तेही बुडतं. त्यापेक्षा पॅनेलच्या मागे, न दिसणाऱ्या जागी, ॲसिटोनचा एक थेंब टाका. एबीएस मऊ पडून चिकट होतं. पॉलिप्रॉपिलीनला ढिम्म काही होत नाही.

सगळं दुखणं त्या ढिम्म राहण्यातच आहे. 1954 साली इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी, जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांच्या उत्प्रेरकांचा माग धरून, पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या शिस्तीत घडवल्या: प्रत्येक कडीवरचा छोटा फाटा एकाच बाजूला. या कामासाठी दोघांना 1963 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिस्तीमुळे साखळ्या एकमेकींना चिकटून स्फटिक बनवतात, आणि म्हणून हे स्वस्त, हलकं प्लॅस्टिक आम्लाला, तेलाला, थिनरला दाद देत नाही. त्या साखळ्यांमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन आहे. रंगातल्या रेणूंना पकडायला तिथे विद्युतभाराची एक खुंटीसुद्धा नाही. शास्त्रज्ञ हे पृष्ठ ऊर्जेत मोजतात: एबीएसची सुमारे 40 मिलिन्यूटन प्रति मीटर, पॉलिप्रॉपिलीनची सुमारे 30. द्रवाचा पृष्ठताण या आकड्याहून कमी असेल तरच तो पसरतो. पाण्याचा 72 आहे, म्हणून धुतलेल्या पॅनेलवर पाणी अळवावर थांबावं तसं थेंबाथेंबाने उभं राहतं. रंगाचा पृष्ठताण 30 च्या अलीकडे-पलीकडेच असतो. तो पसरलेला दिसतो, पण प्लॅस्टिकला धरत नाही, नुसता त्यावर पडून राहतो.

मग पॉलिश पेपरने खरवडलं तर रंग धरेल, असं वाटणं साहजिक आहे. एबीएसच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं. ते सुमारे शंभर अंशांपर्यंत कडक राहतं, घासलं की कोरडी पूड पडते आणि थिनर त्याच्या अंगात किंचित मुरून रंगाला धरून ठेवतो. (फार जहाल थिनर मारला तर त्याला केसासारख्या भेगा पडतात, हे जाता जाता.) पॉलिप्रॉपिलीनचा मात्र स्फटिक नसलेला भाग शून्य अंशाखालीच मऊ झालेला असतो. आपल्या हवेत तो रबरी असतो. पेपरखाली ते कापलं न जाता ओढलं जातं आणि त्यावर बारीक लव उठते. जोर लावून घासलं की घर्षणाने तापून ती लव लिंपली जाते. डिकीत सामान टाकताना काळ्या पॅनेलवर जे पांढरे चरे पडतात, ते याच स्वभावाचे: ओढलं गेल्यामुळे आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या होतात, टाल्कचे कण उघडे पडतात आणि प्रकाश तिथे विखुरतो. म्हणून पॉलिप्रॉपिलीनची नक्षी पूर्ण घासून काढण्याचा हट्ट धरू नये. माथे तेवढे मोडावेत, पाण्याचा हात ठेवून, हलक्या दाबाने, आणि दऱ्या भरून काढाव्यात.

दऱ्या भरायचा हिशोब मात्र आधी करावा. रंगाचा एक हात वाळल्यावर जेमतेम 20 ते 30 मायक्रॉन उरतो, आणि तो माथ्यावर जेवढा बसतो तेवढाच दरीतही. शंभर मायक्रॉन खोल नक्षीवर चार हात मारले तरी नक्षी गोलसर होऊन दिसतच राहते. भरण्याचं काम जाड प्रायमरचं, ज्याला दुकानात फिलर प्रायमर म्हणतात. तो दोन-तीन हात द्यायचा, वाळू द्यायचा आणि मग त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारायचा. यानंतरचा भाग बघण्यासारखा असतो. लाकडी ठोकळ्यावर 400 नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून घासायला घेतलं की माथ्यांवरचा काळा निघून करडा प्रायमर उघडा पडतो आणि दऱ्यांमध्ये काळे ठिपके तसेच राहतात. पॅनेलवर नक्षीचं उलटं चित्र उमटतं. ठिपके संपले की सपाटी आली. ठिपके असतानाच प्लॅस्टिक उघडं पडलं, तर प्रायमर कमी होता, परत मारा. खळगे खोल असतील तर पुट्टी लागते, पण पत्र्याला लावतात ती नव्हे. ती वाळून कडक होते. प्लॅस्टिकसाठीची लवचिक पुट्टी वेगळी मिळते.

या सगळ्याच्या आधी एक कंटाळवाणं काम असतं. गाडी धुणाऱ्याने वर्षानुवर्षं चोळलेलं डॅशबोर्ड पॉलिश. त्यात बहुधा सिलिकॉन तेल असतं, पृष्ठताण 20 च्या आसपास. त्याचा अंश जरी उरला, तरी त्या जागेवरून रंग चहूबाजूंना सरकतो आणि गोल गोल खड्डे पडतात. म्हणून क्रम असा: आधी साबण-पाणी आणि ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दर वेळी नवं फडकं, आणि त्यानंतरच पॉलिश पेपर. आधी घासलं तर सिलिकॉन चऱ्यांमध्ये भरतं.

आणि पॉलिप्रॉपिलीनवर प्रायमरच्या आधी ॲढीजन प्रमोटर, म्हणजे रंगाची पकड वाढवणारा द्रव. हा बहुधा क्लोरिन जोडलेलं पॉलिप्रॉपिलीनच असतो, झायलीनसारख्या द्रावकात विरघळवलेला. द्रावकामुळे पॅनेलची वरची कातडी किंचित फुगते, प्रमोटरच्या साखळ्या तिच्यात गुंततात, आणि क्लोरिनची टोकं रंगाला धरतात. वर सांगितलेल्या खुंट्या त्या ह्याच. थर अगदी पातळ हवा. जाड झाला तर तो स्वतःच मधून फाटतो. बंपर बनवणाऱ्या कारखान्यांत हेच काम ज्योतीने किंवा प्लाझ्माने करतात, म्हणजे क्षणभर पृष्ठभाग जाळून त्यावर ऑक्सिजन बसवतात. घरी ज्योत फिरवायच्या फंदात मी तरी पडणार नाही.

मुंबईची हवा या कामात स्वतःचा हात मारतेच. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पावसाळ्यात हवा 28 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर दवबिंदू 26 च्या आसपास असतो. म्हणजे पॅनेल दोन अंशांनी गार झालं तरी ओल्या रंगावर दव धरतं आणि लॅकर पांढरा पडतो. त्यावर उपाय सावकाश उडणारा रिटार्डर थिनर, किंवा सरळ नोव्हेंबरपर्यंत थांबणं. दमट हवेचा एक फायदाही आहे: घासलेल्या प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत टिकत नाही, त्यामुळे धूळ कमी चिकटते. काही जुन्या गाड्यांची बटणं आणि पॅनेल चिकचिकीत होतात, तीही या हवेची करणी. त्यावरचा मऊ स्पर्शाचा पॉलियुरेथेन लेप ओलाव्याने रेणूरेणूने तुटत जातो. तिथे रंगाची घाई नको. अल्कोहोलने तो लेप पुसून काढला की खालचं प्लॅस्टिक कित्येकदा धडधाकट निघतं.

हार्डनर मिसळायचा टू-के रंग सर्वांत टिकाऊ, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा लागू शकतो. कोविडमधला उरलेला एन-95 मास्क इथे कामाचा नाही, कारण तो वाफा अडवत नाही. हे काम फवारणीची खोली आणि योग्य मास्क असलेल्या गॅरेजला द्यावं. एअरबॅगच्या झाकणाला मात्र कोणीही हात लावू नये. ते ठरलेल्या रेषेवर फाटावं म्हणून आतून मुद्दाम कमजोर केलेलं असतं, आणि एअरबॅग फुगते ती सेकंदाच्या तिसाव्या भागात. वर पुट्टी-रंगाचा कडक थर असेल तर ते कुठून फाटेल आणि त्याचे तुकडे कुठे उडतील, सांगता येत नाही.

राहिलं ऊन. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या 2018 च्या अभ्यासात, उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी 69 अंशांपर्यंत तापले होते. आपल्याकडे हवा तेवढी तापत नाही, पण उघड्या पार्किंगमधलं पॅनेल चाळीस अंशांनी तापणं काही विशेष नाही. तेवढ्यात साठ सेंटिमीटरचं पॉलिप्रॉपिलीनचं पॅनेल दोन मिलिमीटरच्या आसपास वाढतं. तेवढ्याच लांबीचा पत्रा तीन दशांश मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. रोज दुपारी वाढायचं, रोज रात्री आकसायचं. बंपरसाठी रंगात तो लवचिक राहावा म्हणून जो फ्लेक्स ॲडिटिव्ह घालतात, तो आतल्या पातळ पॅनेललाही घालून घ्यावा.

पॅनेल परत बसवण्याआधी चार-पाच दिवस बाहेरच वाळू द्यावं, नाहीतर बंद गाडीत थिनरचा वास महिनाभर पुरतो. आणि मागच्या बाजूला, सगळे थर दिलेल्या एका कोपऱ्यात, ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारून त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी. चौकटी जागच्या जागी राहिल्या तर पॅनेल दाराला लावा. पट्टीवर रंग आला, तर तो उलटून बघा. त्याच्या पाठीवर प्रायमरही असेल तर प्लॅस्टिकने हात सोडलाय, म्हणजे सफाई किंवा प्रमोटर चुकला. नुसताच रंग आला असेल, तर प्रायमर घासायचा राहिला होता.