दुरुस्तीपत्रे (फियाट ११०० व प्रीमियर पद्मिनी)

जुन्या मोटारीच्या कवचाचा (बॉडीचा) गंजलेला किंवा ठोकर लागून निकामी झालेला भाग कापून काढल्यावर त्याच्या जागी बसवायचा तयार आकाराचा पत्रा. गॅरेजात त्याला नुसते ‘पॅनेल’ म्हणतात. बोनेट, डिकीचे झाकण आणि दारे बोल्ट खोलून बदलता येतात. फ्लोअर, दाराखालचे चॅनेल, चाकावरची कमान हे भाग मात्र कापून वेल्डिंगनेच जोडावे लागतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० घराण्याच्या गाड्यांविषयी आहे.

मालिका व कालनिश्चिती : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने १९५० च्या दशकात फियाटच्या गाड्या बांधायला घेतल्या. पद्मिनीचा आरंभ कधीचा धरावा, याबाबत दोन पद्धती आढळतात. काही लेखक १९६४ च्या सुमारास आलेल्या ‘फियाट ११०० डिलाइट’पासून मोजतात. इतर जण १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व पाठोपाठ ‘प्रीमियर पद्मिनी’ ही नावे आली तेव्हापासून मोजतात. उत्पादनाची अखेरही कुठे २०००, तर कुठे २००१ अशी दिलेली असते. नावांचा इतिहास लिहिणाऱ्याला दुसरी पद्धत सोयीची असली, तरी पत्रा शोधणाऱ्याला पहिलीच उपयोगी पडते, कारण डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी यांचे मूळ कवच एकच आहे.

हे कवच इटलीतल्या १९६२ च्या ११००-डी गाडीचे. ११००-डी स्वतः १९५७ मधील ‘१२०० ग्रान लुचे’ या मोठ्या काचांच्या गाडीवरून, बाजूचे पत्रे व पुढचा चेहरा सोपा करून बेतली होती. त्याआधीची, १९५३ मध्ये आलेली ११००-१०३ ही वेगळ्या कवचाची गाडी. मराठीत ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाते ती हीच. तिच्या फुगीर पाठीचे पत्रे पद्मिनीला बसत नाहीत आणि पद्मिनीचे तिला बसत नाहीत. सुरुवातीच्या ११००-१०३ ची पुढची दारे मधल्या खांबावरच्या बिजागरांवर, म्हणजे उलटी उघडत. इटलीत ही रचना १९६० च्या सुमारास बदलली. त्यामुळे दार किंवा दाराचा खांब विकत घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या मॉडेलच्या नावापेक्षा बिजागराची बाजू डोळ्यांनी पाहणे अधिक भरवशाचे. इटलीत आजही मिळणारे नव्याने घडवलेले पत्रे घ्यायचे, तर ते ११००-डी चे असल्याची खात्री करावी. त्यापुढच्या ११००-आर मध्ये पुन्हा फरक आहेत.

शोध : पत्रा तीन ठिकाणांहून येतो. पहिला, कारखान्यातूनच निघालेला पण कधी न वापरलेला ‘कंपनीचा’ पत्रा. कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार आणि जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून तो अधूनमधून निघतो. वर्षानुवर्षे गोदामात पडून कडांना गंज चढला असला, तरी वळणे व भोके मूळ असल्यामुळे त्याला तोड नाही. दुसरा, भंगारातल्या गाडीवरून कापलेला. टॅक्सींची वयोमर्यादा २० वर्षांवर आल्यानंतर काळ्या-पिवळ्या पद्मिनी झपाट्याने भंगारात गेल्या. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. टॅक्सीचा पत्रा ओळखता येतो. डाव्या अंगाला बाहेर लावलेल्या मीटरच्या पट्टीची भोके आणि टपावर कॅरियरच्या पायांनी पडलेले दबके सहसा बुजवलेले असतात, आणि बुजवलेल्या जागी लोहचुंबक धरत नाही. असा पत्रा टाकाऊ मानू नये, पण त्यात लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) किती आणि लोखंड किती हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. तिसरा, हाताने घडवलेला.

ब्रिटनमध्ये १९७५ साली स्थापन झालेली ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचे अख्खे कवच मूळ साच्यांवर पुन्हा काढते. कुर्ल्याच्या गाड्यांना असा आधार नाही. म्हणून इथे हातकामाचे महत्त्व मोठे.

बसवणी : ११०० ला वेगळी चासी-चौकट नाही, कवचच भार पेलते. गंजलेले चॅनेल आधाराशिवाय कापले, तर गाडी मधोमध बसते आणि मग दार कधीच नीट लागत नाही. म्हणून कापण्याआधी गाडी सपाट जमिनीवर टेकूंवर घ्यावी, दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे-तिरपे दांडे वेल्डिंगचे टाके मारून बसवावेत, तिरकी मापे लिहून ठेवावीत आणि एका वेळी एकाच बाजूचे चॅनेल काढावे. नवा पत्रा वाकडा आहे अशी जी तक्रार होते, तिच्या मुळाशी बहुतेकदा या मापांचा अभाव असतो.

मूळ स्पॉट वेल्डिंगचे ठिपके ड्रिलने वरच्या थरापुरतेच कातरून पत्रा सोडवतात. नव्या पत्र्याच्या कडेला साधारण ६ ते ८ मिमी. भोके पाडून त्यांतून सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणाखाली तारेने केलेले) वेल्डिंग भरले की ठिपका पूर्वीसारखा दिसतो. बाहेरच्या कातडीला २० गेज (सु. ०.९ मिमी.) आणि भार घेणाऱ्या चॅनेलला १८ गेज (सु. १.२ मिमी.) पत्रा चालतो. याहून जाड पत्रा घातल्याने मजबुती वाढते ही समजूत बरोबर नाही. जोडाजवळचा जुना पातळ पत्रा त्यामुळे आधी फाटतो.

जोड कुठे घ्यावा, यावर कारागिरांत मतभेद आहेत. एक पक्ष एका पत्र्यावर दुसरा चढवून जोडतो. काम लवकर होते, पण दोन थरांत पाणी अडकते. दुसरा पक्ष कडेला कड भिडवून छोटे टाके मारतो. दारे व मडगार्डांसाठी दुसरी पद्धत श्रेयस्कर दिसते, मात्र तिला संयम लागतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मध्ये पत्रा निवू द्यायचा. सलग ओढलेल्या वेल्डिंगने पत्रा आकसतो आणि सपाट भागाला लाट येते. ती आल्यास मागून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून टाक्यावरच हातोडीने ठोकतात, म्हणजे आकसलेले लोखंड पुन्हा पसरते. जोड रुंद सपाटीवर न घेता वळणाच्या किंवा उमटलेल्या रेघेच्या कडेला घ्यावा. अखेरचे वेल्डिंग करण्यापूर्वी दार, बोनेट व डिकी लावून फटी तपासणे अनिवार्य आहे.

दाराची खालची कड आतून गंजते, कारण पाणी निघायची भोके मातीने बुजतात. कोकण किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेची भर पडते. बाहेरून फोड दिसतो तोवर आतली पट्टी गेलेली असते. नवी कातडी चढवताना दुमडीच्या आत जस्तयुक्त प्रायमर, आणि रंगानंतर पोकळीत मेण फवारावे.

हातघडणीची परंपरा : पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकून, नमुन्याशी ताडत आकाराला आणणारे डेंटर मुंबई-पुण्यात अजून आहेत. हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाते.

मूळपणाचा प्रश्न : जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची (फिवा) ट्युरिन सनद मूळ द्रव्य शक्य तितके राखण्यावर आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर भर देते. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार, ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो. मोठे फेरबदल झालेली गाडी त्यात बसत नाही. गंजलेल्या पत्र्याच्या जागी तसाच पत्रा घालणे हा फेरबदल नव्हे, असा अर्थ घेणे सयुक्तिक वाटते. चासी क्रमांक ठोकलेल्या पत्र्याला मात्र हात लावू नये, आणि प्रत्येक कापणीपूर्वी व नंतर छायाचित्रे काढून कागदपत्रांसोबत ठेवावीत.